चार वर्षांच्या मुलांना कृष्णवर्णीयांचा इतिहास कसा सांगायचा?

सायली_अटलांटा (धागाकर्ती)

अटलांटाच्या एका उपनगरात मी डेकेअरमध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. फेब्रुवारी हा इथे ब्लॅक हिस्टरी मंथ. कार्टर वुडसन या इतिहासकारांनी १९२६ साली याची सुरुवात केली ती एका आठवड्यापुरती. लिंकन आणि गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस या दोघांचे वाढदिवस ज्या आठवड्यात साजरे व्हायचे, तो त्यांनी निवडला. १९७६ मध्ये आठवड्याचा महिना झाला. जानेवारी संपत आला की ओळखीतले मराठी पालक मला विचारतात, "एवढ्याशा पोरांना गुलामगिरी कशाला सांगता?"

माझं म्हणणं असं, की या वयात गुलामगिरीपासून सुरुवात करायचीच नाही. पण विषय टाळायचाही नाही, कारण मुलं आपल्यासाठी थांबत नाहीत. तीन महिन्यांचं बाळसुद्धा घरात रोज दिसणाऱ्या वर्णाचे चेहरे जास्त वेळ पाहतं, हे अभ्यासांत दिसलं आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर बाकी सगळं सारखं. छान बाहुली कोणती, वाईट कोणती, असं विचारल्यावर बहुतेक मुलांनी गोरी बाहुली छान ठरवली. मग "तुझ्यासारखी कोणती?" असं विचारल्यावर त्यातल्या काहींना रडू फुटलं. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात या अभ्यासाचा संदर्भ आहे. त्या मुलांना हे कुणी शिकवायला बसलं नव्हतं. आपण काही बोललो नाही तरी मुलं आजूबाजूच्या जगाकडून ऐकतच असतात.

आमच्या वर्गात सुरुवात रंगांपासून होते. प्रत्येकाने तपकिरी, पांढरा, पिवळा, लाल रंग एकत्र करून स्वतःच्या हाताचा रंग बनवायचा. क्रेयोलाने २०२० मध्ये त्वचेच्या २४ छटांची खडूपेटी काढली, तीही आहे. पण स्वतः रंग कालवण्यात मुलं जास्त रमतात. सगळ्यांनाच तपकिरी लागतो हे त्यांचं त्यांनाच दिसतं, कुणाला थेंबभर, कुणाला भरपूर.

मग माणसं. मुलांच्या हातात रोज असणाऱ्या वस्तूंपासून मी माणसाकडे जाते. मोठी पिचकारी घेतली तर लॉनी जॉन्सन. नासासाठी काम केलेले हे अभियंता घरच्या न्हाणीघरात वेगळाच प्रयोग करत होते, तिथे पाण्याची जोरदार धार उडाली आणि त्यातून सूपर सोकर जन्मली, १९९० पासून बाजारात आहे. (जॉन्सन अटलांटातच काम करतात, म्हणून आमच्या मुलांना जास्त अप्रूप.) सिग्नलचा खेळ खेळताना गॅरेट मॉर्गन: चारही बाजूंची वाहनं एकदम थांबवता येतील असा, हाताने फिरवायचा सिग्नल. पेटंट १९२३ चं. चित्रकलेला अल्मा थॉमस. वॉशिंग्टनमधल्या एका शाळेत साडेतीन दशकं चित्रकला शिकवली आणि न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात स्वतःचं प्रदर्शन लागलं तेव्हा वय ८०. त्यांची चित्रं म्हणजे रंगांचे छोटे छोटे फटकारे. चार वर्षांच्या हाताला अगदी जमण्यासारखे.

शेतीतज्ज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आपल्या मराठी घरांत सगळ्यांनाच माहीत, ते भुईमुगासाठी. इथे मात्र डेकेअरमध्ये शेंगदाणा आणता येत नाही, ॲलर्जीमुळे बंदी असते. म्हणून मी रताळं घेते. कार्व्हरनी रताळ्यावरही पुष्कळ काम केलंय. काचेच्या पेल्यात चार काड्या टोचून अर्धं पाण्यात ठेवायचं, कोंब येईपर्यंत रोज पाहायचं. आणि पीनट बटरचा शोध त्यांनी लावला असं कृपया सांगू नका, ते खरं नाही. कापसाने कस गेलेल्या जमिनीत भुईमूग आणि रताळं लावायला त्यांनी गरीब शेतकऱ्यांना शिकवलं. १९०६ मध्ये घोडागाडीवर शाळा घालून ती गावोगाव नेली. ही गाडी पुठ्ठ्याच्या खोक्यातून मस्त बनते.

अन्यायाची गोष्ट मी चार-साडेचार वर्षांच्या पुढच्यांनाच सांगते, आणि ती रूबी ब्रिजेसची. कारण रूबी सहा वर्षांची होती. १४ नोव्हेंबर १९६० ला न्यू ऑर्लिन्समधल्या विल्यम फ्रांत्झ या तोवर फक्त गोऱ्या मुलांच्या शाळेत ही कृष्णवर्णीय मुलगी पहिल्यांदा गेली तेव्हा सोबत चार सरकारी मार्शल होते, बाहेर मोठी माणसं ओरडत होती. गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून नेली. बार्बरा हेन्री नावाच्या बाईंनी वर्षभर वर्गात एकट्या रूबीला शिकवलं. मुलं विचारतात, "मग ती डबा कुणाबरोबर खायची?" या प्रश्नात सगळं आलं. शेवटी रूबीचा आजचा फोटो दाखवते. ती आता सत्तरीची आजी आहे, हे पाहून मुलांचा जीव भांड्यात पडतो.

तुमच्याकडे, भारतात किंवा बाहेर, कुणी असं काही करतं का? वाचायला आवडेल.

मंदार_कोथरूड

लेख मनापासून लिहिलाय, तरी माझं मत वेगळं आहे. लहान मुलांच्या डोक्यात रंग नसतोच. माझी मुलगी बागेत कुणाशीही खेळते. आपणच "बघ, हिचा रंग वेगळा" असं दाखवलं तर जे नाही ते आपण पेरतो, असं मला वाटतं. थोडी मोठी झाली, चौथी-पाचवीत गेली, की इतिहास येईलच.

वसुधा_बालवाडी

मंदार, मी बालवाडीत शिकवून निवृत्त झाले, म्हणून तुम्हाला सांगते. मुलांना रंग दिसतो. स्नेहसंमेलनाचं नाटुकलं बसवताना "मला राक्षस नको, त्याला करा, तो काळा आहे" हे मी साडेचार वर्षांच्या तोंडून ऐकलं आहे. परी व्हायला गोरी मुलगीच पुढे ढकलली जाते, आणि ढकलणाऱ्या पुष्कळदा आम्हा शिक्षिकाच असतो. बाळ जन्मलं की बघायला येणाऱ्या बायका पहिल्यांदा नाक आणि रंग बघतात. "सावळी आहे, पण तरतरीत आहे" या वाक्यातला "पण" मूल रोज ऐकतं. चौथी-पाचवीपर्यंत थांबलात तर तो "पण" पक्का झालेला असतो.

ताराबाई मोडकांनी बोर्डीला १९४५ मध्ये काम सुरू केलं तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे पाहून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. कोण आलं नाही हे आधी पाहायचं आणि मग वर्ग भरवायचा, हे मी त्यांच्या परंपरेत शिकले. सायली, तुझ्या वर्गातल्या बाहुल्या कशा आहेत? आमच्याकडे सगळ्या गुलाबी.

सायली_अटलांटा

वसुधाताई, चार-पाच वेगवेगळ्या वर्णांच्या आहेत, आणि त्यांतल्या दोघींचे केस दाट कुरळे आहेत. पण नुसत्या ठेवून भागत नाही. कोणती बाहुली दिवसभर कोपऱ्यात पडून राहते, ते मी बघते. तीच मग गोष्टीच्या वेळी माझ्या मांडीवर येते.

मंदार, मुलगी सगळ्यांशी खेळते हे फार छान आहे. ते तसंच राहावं म्हणूनच हा खटाटोप. आपण शब्द दिले नाहीत तर ती दुसरीकडून उचलेल, आणि ते कसले असतील ते आपल्या हातात नाही.

देवगिरीकर

छत्रपती संभाजीनगरहून लिहितो. आमच्या शहराचा पायाच एका आफ्रिकन माणसाने घातला आहे आणि आमच्या बालवाड्यांमध्ये त्याचं नावही घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं. मलिक अंबर. जन्म इथिओपियातला, साधारण १५४८ चा. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकला जात दख्खनमध्ये पोचला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचं शहर. मोगलांना त्याने वर्षानुवर्षं दाद दिली नाही. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये वारला, कबर खुलताबादला आहे.

लहान मुलांना लढाया सांगायची गरज नाही. नहर सांगावी. दूरच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून खापरी नळांनी शहरात आणलं, मध्ये मध्ये उंच मनोरे बांधले, पंप नाही, वीज नाही. पुतणीच्या बालवाडीत मी हे करून दाखवलं. पाइपचे तुकडे, वाळू, एक बादली. पाणी दुसऱ्या टोकाला आलं तेव्हा जो आरडाओरडा झाला! मग विचारलं, हे कुणी केलं? अंबरने. अंबर कुठून आला? आफ्रिकेतून, समुद्र ओलांडून. त्यांना एवढं पुरलं.

शाल्मली_मडगाव

देवगिरीकर, सुंदर. आमच्या गोव्याच्या बाजूनेही थोडं सांगते. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली पुष्कळ माणसं गोव्यातून पळून घाटावरच्या रानात गेली. त्यांचे वंशज सिद्दी आज उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात आहेत. घरी कोंकणी बोलतात. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. आमच्या इथल्या कुणी त्यांना बाजारात पाहिलं की "कुठल्या देशाचे?" असं विचारतात. इतक्या पिढ्या झाल्या तरी.

सिद्दी बायका जुन्या कपड्यांची कवंद शिवतात. आपल्या गोधडीची सख्खी बहीण. कडेकडेने धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं, आणि चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. तिकडे अमेरिकेत अलाबामामधल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या आता मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. त्याही जुन्या कामाच्या कपड्यांच्याच. मी दोन्हींचे फोटो आणि घरची गोधडी शेजारी शेजारी ठेवून मुलांना विचारते, "यातली कुणी कुठे शिवली असेल?" त्यांना ओळखता येत नाही. मग जगाचा नकाशा काढायचा. शेवटी प्रत्येकाने घरून एक चिंधी आणायची आणि कागदावर चिकटवून वर्गाची गोधडी करायची.

रमा_हॅरो

लंडनमध्ये हा महिना ऑक्टोबरात असतो, १९८७ पासून. आमच्या नर्सरीत त्रिनिदादचा स्टीलपॅन आणतात, तेलाच्या पिंपाचं वाद्य कसं झालं ते सांगतात, मुलं ठोकून बघतात. एका गोष्टीचा त्रास होतो. "आज आपण आफ्रिका देश पाहूया." ५४ देशांचा खंड एका दुपारी, सगळीकडे झोपड्या आणि सिंह. मी एका शिक्षिकेला नायजेरियातल्या लागोस शहराचे उंच इमारतींचे फोटो नेऊन दिले, तिने ते भिंतीवर लावले.

किरण_एडिसन

सायली, एक व्यवहारातला प्रश्न. किराण्याच्या रांगेत मुलगा मोठ्याने म्हणाला, "आई, ते काका एवढे काळे का?" आजूबाजूला मराठी कुणी नव्हतं, पण त्याने बोट दाखवलं. अशा वेळी काय बोलावं? "श्श" केलं तर चूक, हे कळतं.

सायली_अटलांटा

किरणताई, आवाज नेहमीसारखाच ठेवायचा, हे सगळ्यांत महत्त्वाचं. "हो, त्यांची त्वचा गडद तपकिरी आहे. तुझी फिकट तपकिरी आहे. त्वचेत मेलॅनिन नावाचा रंग असतो, कुणात जास्त, कुणात कमी. तो आई-बाबांकडून मिळतो आणि उन्हापासून जपतो." आणि बोट दाखवत नसतात, हे वेगळ्या वाक्यात सांगायचं, नाहीतर रंगावर बोलणंच वाईट असं त्याला वाटेल. ते गृहस्थ बघत असतील तर हसून नमस्कार करा. पुष्कळदा तेच मुलाशी बोलायला लागतात.

केसांचंही असंच. कुरळे, वेणी घातलेले केस मऊ दिसतात, मुलांचा हात जातो. आमच्या वर्गात नियम आहे: दुसऱ्याच्या केसांना विचारल्याशिवाय हात नाही, आणि "नको" म्हटलं तर नको. हा सगळ्यांच्या केसांना लागू, म्हणून कुणी एकटं पडत नाही.

काय करू नये तेही लिहिते, कारण दरवर्षी कुठे ना कुठे घडतं. मुलांना गुलाम आणि मालक करून नाटक करू नये. कापूस वेचण्याचा "उपक्रम" नको. चेहरा काळा रंगवून कुणाचा वेश तर कधीच नको. रोझा पार्क्सनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार दिला, ती बस करून काही मुलांना मागे बसवण्याचा खेळही नको; वर्गात एकच कृष्णवर्णीय मूल असेल तर त्याला काय वाटेल याचा विचार करा. आणि रोझा पार्क्सना "दमलेल्या आजी" करू नका. १ डिसेंबर १९५५ ला त्या ४२ वर्षांच्या होत्या, समतेसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेत वर्षानुवर्षं काम करत होत्या. त्यांच्या आधी नऊ महिने, अलाबामातल्या त्याच माँटगोमेरी गावात, पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्व्हिननेही जागा सोडायला नकार दिला होता. पुढे गावातले हजारो लोक ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत. हे मुलांना करून बघता येतं: अंगणाला चालत फेऱ्या मारायच्या, पाय दुखले की एकमेकांचा हात धरायचा.

प्रज्ञा_ह्यूस्टन

धागा पहिल्यापासून वाचला. सगळं पटलं, पण एक बोलायचं राहिलंय. आमच्या इथल्या मराठी शाळेत फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंगवर मुलं गोष्ट सांगतात, सगळे टाळ्या वाजवतात. १४ एप्रिलला काहीच नसतं. मी विचारलं तर "तो वेगळा विषय आहे, लहान मुलांना जात कशाला" असं उत्तर मिळालं. मंदारदादांनी रंगाबद्दल जे लिहिलं, अगदी तेच वाक्य.

महात्मा फुल्यांना तो वेगळा विषय वाटला नव्हता. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली तेव्हा ती त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे द्यायच्या अर्जाची प्रत मागितली, आणि ड्यू बॉइसनी उत्तर दिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊनच. किंग १९५९ मध्ये भारतात आले होते. केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतले अस्पृश्य बंधू अशी करून दिली, आधी त्यांना धक्का बसला आणि मग ते खरंच आहे असं वाटलं, हे त्यांनी स्वतः अटलांटाच्या एबेनेझर चर्चमधल्या १९६५ च्या प्रवचनात सांगितलं आहे.

माझ्या मुलीला मी चवदार तळ्याची गोष्ट सांगते. एक तळं होतं. सगळे पाणी प्यायचे, गुरंसुद्धा प्यायची, पण काही माणसांना पिऊ देत नव्हते. मग १९२७ मध्ये बाबासाहेब खूप माणसांना घेऊन गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. ती आता पाच वर्षांची आहे. तिने विचारलं, "तहान लागली असेल ना त्यांना?" तिला समजलं, मोठ्यांनाच कठीण जातं.

मंदार_कोथरूड

प्रज्ञाताई, वसुधाताई, उत्तरं दोनदा वाचली. आमच्या सोसायटीत दोन नायजेरियन विद्यार्थ्यांना घर द्यायला विरोध झाला होता, तेव्हा लहान मुलं खाली खेळत होती आणि मोठी माणसं त्यांच्यासमोरच बोलत होती. मुलांना काही कळत नाही असं तेव्हा सगळ्यांनीच धरलं होतं. मी यावर घरी बोलणार आहे.

सायली_अटलांटा

प्रज्ञा, तू लिहिलंस ते या धाग्यावर यायलाच हवं होतं. अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी आणखी एक जोडते. आपण इथे येऊ शकलो तो १९६५ चा इमिग्रेशन कायदा नागरी हक्क चळवळीच्या रेट्यात झाला. त्याआधी भारतातून वर्षाला १०० माणसांना येता येत असे. माँटगोमेरीत जे पायी चालले त्यांचं आपल्यावर ऋण आहे, आणि ते मुलांना सांगायची जबाबदारी आपली आहे. यंदा आमच्या मराठी शाळेत चवदार तळं आणि रूबी, दोन्ही गोष्टी घेणार. तुझ्या शब्दांत तळ्याची गोष्ट वापरू का?

प्रज्ञा_ह्यूस्टन

नक्की वापर.

वसुधा_बालवाडी

सायली, एखादी आफ्रिकेतली लोककथा दे ना, लहानांना अभिनयासह सांगता येईल अशी. इतिहास थोडा, गोष्ट जास्त, असं हवं.

सायली_अटलांटा

ताई, अनान्सी कोळ्याची घ्या. घानातल्या अकान लोकांची. जहाजांतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर ती जमैकाला गेली आणि तिथेही रुजली.

जगातल्या सगळ्या गोष्टी आकाशदेव न्यामेकडे होत्या. अनान्सी म्हणाला, मला विकत दे. न्यामे म्हणाला, अजगर आण, गांधीलमाशा आण, बिबट्या आण, मग देतो. अनान्सी एवढासा. तो अजगराकडे गेला आणि स्वतःशीच बडबडू लागला, "बायको म्हणते अजगर या फांदीपेक्षा आखूड, मी म्हणतो लांब!" अजगर म्हणाला, "मोज की." लांब होऊन फांदीला लागून झोपला, अनान्सीने बांधून टाकला. मग केळीच्या पानावर आणि गांधीलमाशांच्या पोळ्यावर पाणी ओतलं, "पाऊस आला, पाऊस आला, या भोपळ्यात लपा!" माशा शिरल्या, बूच लागलं. बिबट्यासाठी वाटेत खड्डा खणला. न्यामेने कबूल केल्याप्रमाणे गोष्टी दिल्या, तेव्हापासून त्या अनान्सीच्या.

वसुधा_बालवाडी

फार आवडली! भोपळा वाळलेला कुठून आणू? आणि अजगर कोण होणार, मुलं घाबरतील का?

सायली_अटलांटा

प्लास्टिकची बरणी चालेल, गोल हवी एवढंच. अजगर म्हणजे जुनी ओढणी, बांधायला सोपी. बिबट्याला कुणी तयार नसेल तर तुम्ही व्हा. आणि गांधीलमाशा सगळ्या वर्गाला करा, तो आवाज काढायला प्रत्येकाला हवा असतो.